पव्या, गुर्जर घे आणि ये

प्रिय पव्या,

स.न.वि.वि. वगैरे राहू दे, तू परवा फोनवर "टीव्हीवर कंट्रोलरनं एज ऑफ एम्पायर्स? येडा झालास का बे" म्हणून जे हसलास ना, त्याचं उत्तर मेसेजमध्ये बसत नाही म्हणून हे लांबलचक लिहायलोय. हिंजवडीच्या ट्रॅफिकमध्ये कॅबमध्ये बसून वाच, तिथं तसाही तुला दुसरा उद्योग नाही.

तर ऐक. एज ऑफ एम्पायर्स टू, म्हणजे गाव वसवून सैन्य काढून लढायचा आपला तो जुना गेम, त्याचं डेफिनिटिव्ह एडिशन एक्सबॉक्सवर ३१ जानेवारी २०२३ ला आलं, आणि मी खेळायलोय ते डायनेस्टीज ऑफ इंडिया हे त्याचं एक्सपान्शन, जे पीसीवाल्यांना एप्रिल २०२२ लाच मिळालं होतं. मूळ गेम एक्सबॉक्सच्या वर्गणीत, म्हणजे गेम पासमध्ये आहे, पण हे एक्सपान्शन वेगळे पैसे देऊन घ्यावं लागतं. घेताना मीपण दहादा विचार केला, कारण स्टेशन रोडच्या त्या कॅफेत माऊसचे बॉल काढून पुसून खेळलेली माणसं आपण, आपल्याला कंट्रोलर म्हणजे फुटबॉलवाल्या पोरांचं खेळणं वाटतं.

आता खरं काय ते सांगतो. माऊसचा वेग कंट्रोलरला नाही, कधी येणारपण नाही, ते मान्य करून टाक. बिल्डिंग बांधायचं, सैन्य काढायचं, सगळं गोल मेनूतून, काठी फिरवून. गर्दीतून नेमका एक व्हिलेजर, म्हणजे कामकरी माणूस, उचलायचा म्हणलं की जीव जातो, मेंढ्या, झाडं, दोन-चार टाळकी एकावर एक आली की कर्सर कोणाला धरील भरवसा नाही. पण एक्सबॉक्ससाठी त्यांनी एक डोकेबाज गोष्ट केली, व्हिलेजर प्रायॉरिटी. म्हणजे तू फक्त ठरवायचं की सध्या अन्नावर किती, लाकडावर किती, सोन्यावर किती, आणि टाऊन सेंटरातून (गावाच्या मुख्य इमारतीतून) निघणारा नवा माणूस आपोआप तिकडं कामाला लागतो. तुला आठवतं का, मी हल्ला करायला गेलो की इकडं माझे दहा-बारा लोक टाऊन सेंटरपुढं नुसते उभे राहायचे आणि तू मागून ओरडायचास? तो प्रकारच बंद. सुरुवातीला मला ही चीटिंग वाटली, आता वाटतं माऊसवाल्यांनापण हे पाहिजे. म्हणजे डोकं मोकळं राहतं लढायला, आणि तसंपण कोणत्या माणसाला कोणतं झाड दाखवलं याच्यात कसली आलीय स्ट्रॅटेजी, तो नुसता हमालीचा भाग आहे (यावर तू भांडणार, माहितीय मला).

आता मेन मुद्दा, ज्यासाठी पत्र लिहायला घेतलं. या एक्सपान्शनमध्ये तीन नवीन सिव्ह, म्हणजे खेळायला निवडायचे लोक, आल्यात, गुर्जर, बंगाली आणि द्रविडियन, आणि आधीचे जे इंडियन्स होते त्यांची डागडुजी करून हिंदुस्तानी केलंय. चौघांनाही नाइट, म्हणजे तो चिलखती घोडेस्वार, नाही, कळलं का? तुझा तो कॅसल एजला, म्हणजे खेळाच्या तिसऱ्या टप्प्याला, गेलं की डोळे झाकून नाइट काढायचा फॉर्म्युला इथं चालत नाही. उंट, हत्ती, पायदळ यांच्यावर संसार करायचा. आणि यातले गुर्जर, पव्या, गुर्जर म्हणजे कंट्रोलरवाल्यासाठीच बनवलेत असं वाटतं राव.

त्यांच्याकडं श्रीवंश रायडर नावाचा घोडेस्वार आहे. त्याची खासियत म्हणजे अंगावर येणारे बाण तो स्वतः चुकवतो, आपण काही करायचं नाही. त्याची ढाल म्हणजे एक भरलेला मीटर, बाण आले की तो खाली होत जातो, थोडा वेळ बाजूला नेलं की परत भरतो. आता बघ, पीसीवर चांगला खेळणारा पोरगा काय करतो, बाण सुटला की घोडा डावीकडं उजवीकडं पळवून वाचवतो, ते माझ्या अंगठ्याला या जन्मात जमणार नाही. ते काम इथं घोडेस्वारच करतो! मला फक्त कुठं घुसायचं आणि कधी बाहेर निघायचं एवढंच बघायचं. परवा कॉम्प्युटरच्या शेतात आठ-दहा श्रीवंश घुसवले, टाऊन सेंटरातून बाण सटासट सुटायलेत, माझे घोडे शेतकरी कापायलेत आणि आयुष्याची पट्टी हलायलाच तयार नाही. मग मीटर संपला आणि एकदम धडाधड पडायला लागले, तोवर उरलेले बाहेर काढले, जंगलाआड उभे केले, मीटर भरला, परत घुसवले. भाल्यावाल्यांपुढं मात्र चालत नाही हे सगळं, भाला काही हवेतून येत नाही. समोर भालेवाले दिसले की सरळ पळ काढायचा.

आणि गुर्जरांची दुसरी गंमत, मेंढ्या. सगळे सिव्ह मेंढी सापडली की कापून खातात, गुर्जर ती मिलमध्ये नेऊन ठेवू शकतात आणि ती आत असेपर्यंत थोडं थोडं अन्न येत राहतं. बाबा मागं खुर्चीवर बसून बघत होते, त्यांना आधी वाटलं बातम्या लागल्या नाहीत म्हणून मी कायतरी लावलंय, मग म्हणले "मेंढरं गिरणीत कामून घालायलास?" मी समजावलं की बाबा कापलं की एकदाच मिळतं, ठेवलं की रोज. तर म्हणे मग बरोबर आहे की, गेम बनवणारा कुणीतरी शेतकऱ्याचा पोरगा दिसतो. त्यानंतर ते रोज विचारायलेत, आज मेंढरं किती सापडली. नकाशावर भटकी मेंढी दिसली की ते माझ्याआधी बोट दाखवतात, स्काऊटला डोळे नाहीत एवढे बाबाला आहेत.

बाकीचे पटकन सांगतो. बंगाल्यांना नवीन एजमध्ये गेलं की प्रत्येक टाऊन सेंटरामागं दोन व्हिलेजर फुकट, आणि रथ नावाचं युनिट, जे जवळून पण लढतं आणि लांबून बाण पण मारतं, फक्त ते मोड बदलत बसायचं काम कंट्रोलरवर नकोसं होतं. द्रविडियनांना एज बदललं की दोनशे लाकूड मिळतं, आणि वूट्झ स्टील हे संशोधन केलं की त्यांच्या पायदळाचा वार समोरच्याच्या चिलखताला मोजतच नाही. पण घोडदळ अगदीच यथातथा, त्यामुळं धावाधाव करणाऱ्यापुढं ते हैराण होतात. हिंदुस्तान्यांचे व्हिलेजर स्वस्त आणि उंट जबर. झालं.

कॅम्पेन, म्हणजे इतिहासातल्या गोष्टीवरचे डाव, तीन आहेत, बाबर, राजेंद्र चोळ आणि बंगालच्या पाल घराण्याचा देवपाल. बाबराचं मला सगळ्यात आवडलं, कारण तो सुरुवातीला समरकंदसाठी धडपडतो आणि सारखा मार खातो, पानिपत १५२६ ला, पण तिथवर जायला बिचाऱ्याला अर्धं आयुष्य पळापळ करावी लागली. आपल्याला शाळेत डायरेक्ट पानिपतालाच उतरवलं होतं. राजेंद्राचं समुद्रावरचं काम भारी आहे आणि कंट्रोलरवर जहाजं हाताळायला उलट सोपी जातात, पाण्यात गर्दी कमी.

पण देवपालाचं खेळताना डोकं फिरलं माझं. कनौजसाठी तिघं भांडले हे तुलापण पाठ असेल, पाल, गुर्जर-प्रतिहार आणि राष्ट्रकूट. पालांसाठी बंगाली सिव्ह झाला, प्रतिहारांसाठी गुर्जर झाला, मग राष्ट्रकूटांचं काय? ज्या कृष्ण पहिल्याच्या काळात वेरूळचं कैलास डोंगर वरून खाली फोडत काढलं, त्यांना स्वतःचा सिव्ह नाही! इथून परभणीहून गाडी काढली तर दुपारच्या आत वेरूळला पोचतो आपण. कर्नाटकवाले म्हणतील राष्ट्रकूट आमचे, मान्यखेट आमच्याकडं, घ्या बाबा, तुमचे तर तुमचे, १९४८ पर्यंत ते गाव आणि आपली परभणी एकाच निजामाखाली होती, त्यावरून भांडण नको, पण सिव्ह तर द्या. आणि देवगिरीचे यादव? तो तासलेला कडा, खंदक, आतली अंधारी, एवढा तयार मालमसाला असताना! १२९६ ला अल्लाउद्दीन कपटानं आला, १३२७ ला तुघलकानं अख्खी दिल्ली उचलून तिथं आणली, यावर दोन कॅम्पेन सहज निघतात. दख्खन द्रविडियनमध्ये धरलाय असं म्हणता येईल, पण ते लोक तमिळ बोलतात गड्या, मी टाऊन सेंटरावर बसून कान देऊन ऐकलंय. जगात जर्मनी, भारतात परभणी म्हणणाऱ्यांनी हे किती दिवस सहन करायचं? जर्मनीचा सिव्ह तर १९९९ पासून आहे, ट्युटन.

असो. तर आता कामाचं. एक्सबॉक्स आणि पीसी एकत्र खेळता येतं, म्हणजे तू तुझ्या लॅपटॉपवर माऊस घेऊन बस, मी इथं गादीवर लोळून कंट्रोलरनं खेळतो. स्टीमवर असलास तरी मल्टिप्लेयरला मायक्रोसॉफ्टचं लॉगिन मागतं, ते आधीच करून ठेव, नाहीतर शनिवारी रात्री पासवर्ड शोधत बसशील. एक्सपान्शन तुला तुझं वेगळं घ्यावं लागेल, सेल लागला की घे. दोघं एका टीममध्ये, समोर दोन कॉम्प्युटर, मॅप अरेबिया, तो मोकळा. दाट जंगलाचा ब्लॅक फॉरेस्ट लावणार नाही, तू भिंत बांधून तासभर आत बसतोस आणि मला झोप येते. मी गुर्जर घेतो, तू सुरुवातीला हिंदुस्तानी घे, किंवा तूपण गुर्जरच घे, मेंढ्यांवरून भांडण होईल तेवढंच. इकडं संध्याकाळी लाईटचा भरवसा नाही, इन्व्हर्टरवर टीव्ही आणि राऊटर दोन्ही चालतात पण आई फ्रिज लावते मग सगळं बसतं, म्हणून अकराच्या पुढं ठेवू.

वहिनीला नमस्कार सांग, आणि तिला म्हणावं शनिवारी हा मीटिंगमध्ये आहे.

तुझा,
बंड्या

ता.क. कीबोर्ड-माऊस एक्सबॉक्सला पण जोडता येतो, हे मला माहितीय. सुचवू नकोस.