अनुदान नको साहेब, मीटिंगचा पत्ता भिंतीवर लिहा

मा. आरोग्यमंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,
सविनय नमस्कार.

आमच्या तालुक्याच्या एस.टी. स्टँडवर मुतारीच्या भिंतीला एक कागद कायम चिकटवलेला असतो. ‘न सांगता दारू सोडवा’, खाली मोबाइल नंबर. पावसाने गळून पडला की आठवड्याभरात नवा लागतो. फोन केला की पुडी येते, ती नवऱ्याच्या भाजीत कालवायची. पुडीत काय असते ते कोणी सांगत नाही. मी यवतमाळ जिल्ह्यात आशा गटप्रवर्तक आहे. या पुड्यांपायी डोरलं गहाण टाकलेल्या बाया मी पाहिल्या आहेत.

दारू सोडणाऱ्यांची मीटिंग फुकट असते. तिचा कागद मात्र कुठेच लागत नाही.

मी म्हणते ती अल्कोहोलिक्स अनॉनिमसची, ‘एए’ची मीटिंग. १९३५ साली अमेरिकेत दोघा पिणाऱ्यांनीच ती सुरू केली, त्यांतला एक तर सर्जन होता. फी नाही, आडनाव विचारत नाहीत. दारू सोडायची इच्छा, एवढीच अट. एकाने आपली कहाणी सांगायची, बाकीच्यांनी मधे न बोलता ऐकायची. आमच्याकडे दारुड्याला अक्कल शिकवणारे घरोघरी आहेत, त्यामुळे हे न बोलणेच त्याला नवे वाटते. आणि साहेब, ही मंडळी बाहेरचा पैसा घेत नाहीत, त्यांचा नियमच तसा आहे. तेव्हा हे पत्र अनुदानासाठी नाही.

विदर्भात दारूचा विषय निघाला की गाडी बंदीवर येऊन थांबते. वर्ध्यात १९७५ पासून बंदी, गडचिरोलीत १९९३ पासून. चंद्रपुरात २०१५ ला आली, २०२१ ला उठली. आमच्या बायाही मोर्चे काढतात आणि मी त्यांच्या बाजूची आहे. पण दुकान बंद असो की चालू, ज्याच्या अंगात दारू भिनली त्याचे पुढे काय करायचे, हे मोर्चातही कोणी बोलत नाही आणि विधानसभेतही क्वचितच. गडचिरोलीत दारू-तंबाखूमुक्तीच्या ‘मुक्तिपथ’ अभियानाने तालुक्यात उपचार आणि गावात शिबिरे नेली, म्हणजे करायचे म्हटले तर होते.

कापूस वेचणीच्या दिवसांत एक गडी सकाळीच उपकेंद्रात आला. पाण्याचा गिलास दोन्ही हातांनी धरला, तरी अर्धे पाणी शर्टावर. “ताई, सोडाची हाये. कुठी जाऊ?” रोज पिणाऱ्याने एकदम सोडली तर दोन-तीन दिवसांत झटके येऊ शकतात, भ्रम होतो, जिवावरही बेतते. म्हणून त्याला आधी ग्रामीण रुग्णालयात पाठवले. डॉक्टरांनी ठेवून घेतले, गोळ्या दिल्या, हात थांबले. इथवर आपली यंत्रणा चालली. त्यानंतर त्याच्या हातात डिस्चार्जचा कागद आला आणि दवाखान्यातून घरी जायच्या वाटेवर देशीचे दुकान.

मीटिंग कुठे भरते हे मी विचारत सुटले. दवाखान्यात कोणाला माहीत नव्हते, तालुक्याच्या कचेरीत तर ‘असलं काही नसतं’ म्हणाले. पत्ता दिला एका कंडक्टरने. तो स्वतः जात होता. मीटिंग शहरात, संध्याकाळी. सुटेपर्यंत आमच्या गावची शेवटची गाडी निघून गेलेली असते. गडी गेला, रात्री पाव्हण्याकडे राहिला, दुसऱ्या दिवशीची मजुरी बुडाली. म्हणाला, बरं वाटलं. पण दर आठवड्याला कोण पाव्हणा ठेवून घेईल? मानसिक आरोग्यासाठी सरकारची टेलि-मानस ही १४४१६ फोन लाइन आहे, ती असावीच. तरी पिऊन सावरलेला माणूस समोर बसतो, ते फोनवर कसे होणार?

म्हणून एवढेच करा. प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि ग्रामीण रुग्णालयात, ओपीडीच्या वेळा लिहितात त्याच भिंतीवर, जवळच्या मीटिंगचा वार, वेळ, जागा रंगवून घ्या. त्यांच्या संमतीने समूहाचा फोनही लिहा, कोणा माणसाचे नाव मात्र नको. डिस्चार्जच्या कागदावर डॉक्टरांनी तोच पत्ता लिहावा. खाली घरच्यांसाठीच्या अल-अनॉनचाही, कारण दवाखान्यात आधी बायकोच येते.

आणि तालुक्याला एक खोली द्या, आठवडी बाजाराच्या दिवशी, दुपारी. त्या दिवशी आठवड्याचा चुकारा हातात पडतो, म्हणून पिणेही त्याच दिवशी होते. गावोगावची माणसे तशीही आलेली असतात आणि परतीच्या गाड्या असतात. शिवाय बाजाराला गेला म्हटले की कोणी विचारत नाही. गावात कोण कुठे शिरला ते चहा व्हायच्या आत सगळ्यांना कळते. खोली ग्रामपंचायतीच्या ओट्यासमोर नको, पोलीस ठाण्याशेजारी तर नकोच. एएवाले भाडे देऊ करतील. ते घ्या, फुकट त्यांना चालत नाही.

यासाठी एक परिपत्रक आणि रंगाचा डबा पुरेल. फक्त दर तीन महिन्यांनी कोणीतरी फोन करून मीटिंग चालू आहे ना हे विचारावे आणि भिंतीवरची वेळ दुरुस्त करावी. कुलूप पाहून परत आलेला माणूस दुसऱ्यांदा जात नाही. हे काम आम्हा गटप्रवर्तकांना लावले तरी चालेल, पण कृपा करून त्यासाठी नवे ॲप काढू नका.

आपली,
एक आशा गटप्रवर्तक,
जि. यवतमाळ