घर जसे होते तसे विकले

कोलंबस, ओहायो
रविवार, 8 जून 2025

तीर्थस्वरूप दादास,
साष्टांग नमस्कार, विनंती विशेष.

गेल्या रविवारी फोनवर तू म्हणालास की क्लीव्हलँड हाइट्सचे घर आम्ही मातीमोलाने घालवले. वहिनींनी विषय बदलला म्हणून त्या वेळी मी गप्प बसले; पण तो शब्द मनातून जाईना. शिवाय आपले गावचे घर विकण्याचे तू आता मनावर घेतले आहेस, तेव्हा इथे काय घडले ते सविस्तर लिहून कळवावे असे ठरवले.

ते घर 1926 चे होते हे तुला माहीत आहेच. 2007 साली 1,18,000 डॉलरला घेतले, त्यात आठ वर्षे राहिलो आणि ह्यांची नोकरी कोलंबसला आल्यावर भाड्याने दिले. शेवटचे भाडेकरू ऑक्टोबरअखेर गेले. दिवाळीनंतर रंगरंगोटी करू, वसंतात नवा भाडेकरू पाहू, असे म्हणत आम्ही घर कुलूपबंद ठेवले आणि तिथेच चुकलो. जानेवारीच्या तिसऱ्या आठवड्यात कडाक्याची थंडी पडली, त्यात घर गरम ठेवणारा बॉयलर बंद पडला, आणि आम्ही सव्वादोनशे किलोमीटरवर असल्याने ते कळायला कोणीच नव्हते. पाणी गोठले की फुगते, नळ तडकतो. परंतु बर्फ असेपर्यंत गळत काहीच नाही. थंडी ओसरून बर्फ वितळला, तेव्हा वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून पाणी वाहू लागले. ते किती तास वाहिले देव जाणे. शेजारच्या आजींना बाहेरच्या पायरीवर ओघळ दिसला, म्हणून त्यांनी फोन केला.

दार उघडले तर बैठकीच्या छताचा निम्मा गिलावा खाली आला होता आणि वरच्या लाकडी पट्ट्या बरगड्यांसारख्या दिसत होत्या. ओकच्या फळ्या कडांनी वर उचलल्या जाऊन पन्हाळीसारख्या झाल्या होत्या. खोल्या गरम करणारे दोन रेडिएटर, तेही बिडाचे, सरळ उभे चिरले होते. विमा होता, परंतु घर ठरावीक दिवसांपेक्षा जास्त रिकामे राहिले तर अशा नुकसानीची भरपाई नाही, हे कलम आम्ही कधी वाचलेच नव्हते. विमा कंपनीला दोष देण्यात अर्थ नाही, कागदावर सही आमचीच होती.

तुझ्या मनातला प्रश्न मला कळतो. दुरुस्त करून का विकले नाही? आम्हीही आधी तेच ठरवले होते. तीन ठेकेदारांना बोलावले. छत, तळघराची भिंत, वायरिंग, नळ आणि बॉयलर, मग गिलावा, फरशा, स्वयंपाकघर अशी बेरीज 85,000 डॉलरच्या आसपास गेली. तेवढी रोकड आमच्याकडे नव्हती. कर्ज काढले असते तरी दर शनिवारी पहाटे उठून दोन-सव्वादोन तास गाडी हाकत कारागिरांवर देखरेख करायला जायचे कोणी? आणि भिंत उघडली की आतून नवे काय निघेल त्याची जोखीम वेगळीच. वायरिंग तर त्या काळचे, चिनी मातीच्या खुंट्यांवरून सुट्या तारा नेलेले. माळ्यावर ते पाहिले तेव्हा आजोबांच्या ओसरीवरची पांढरी बटणे आठवली.

बरे, आहे त्या अवस्थेत सामान्य कुटुंबाला विकावे, तर तेही जमत नाही. इथे बहुतेक लोक कर्जावर घर घेतात, आणि बँकेचा मूल्यांकन करणारा माणूस ज्या घरात पाणी नाही, ऊब नाही, त्याला सहसा मान्यता देत नाही. म्हणजे गिऱ्हाईक उरते ते रोख पैसे देणारे, घर घेऊन नवे करून विकणारे. त्यांचा हिशेब तुला सांगते, कारण मातीमोल म्हणजे काय ते त्यातूनच ठरते. दुरुस्तीनंतर घर कितीला जाईल, तो आकडा ते आधी धरतात. आमच्या गल्लीतल्या ताज्या विक्रींवरून तो 2,30,000 डॉलर निघत होता. त्याचे 70 टक्के म्हणजे 1,61,000. त्यातून दुरुस्तीचे 85,000 वजा केले की 76,000 उरतात. यापुढे जायचे नाही, असा त्यांचा ढोबळ नियम. उरलेल्या 30 टक्क्यांत त्यांच्या कर्जाचे चढे व्याज, सहा-आठ महिन्यांचा कर आणि विमा, विक्रीच्या वेळची दलाली, भिंतीतून निघणारे अनपेक्षित खर्च आणि शेवटी नफा. आम्हाला 74,000 मिळाले. पहिली बोली 68,000 ची होती.

याआधी एक फसवे प्रकरण होता होता टळले. घरावर संकट आले की कुठून कळते कोण जाणे, रोज फोन आणि पत्रपेटीत पिवळी कार्डे येऊ लागतात. त्यांपैकी एकाने घर न पाहताच 92,000 सांगितले. ह्यांचा चेहरा खुलला. करारनामा मागवून वाचला तर इसार फक्त 10 डॉलरचा, पाहणीच्या नावाखाली तीस दिवस केव्हाही माघार घेण्याची मुभा त्याला, आणि हा करार दुसऱ्या कोणालाही परस्पर सोपवण्याचा हक्कही त्यालाच. म्हणजे तो घर घेणार नव्हताच. आमची सही घेऊन ती खऱ्या गिऱ्हाइकाला विकणार होता. गिऱ्हाईक मिळाले नाही, तर तिसाव्या दिवशी भाव पाडायला मोकळा. त्यानंतर आम्ही वकील धरला आणि त्याची फी या सगळ्या व्यवहारातला सर्वात सार्थकी लागलेला खर्च ठरली.

ज्याने घर घेतले तो क्रोएशियन वंशाचा गृहस्थ; त्याचे आजोबा क्लीव्हलँडच्या पोलाद कारखान्यात होते. तो हातात टॉर्च, पेचकस आणि दोरीचे बंडल घेऊन आला, बोलला फारसे नाही. तळघराच्या तुळईच्या टोकाला पेचकस टोचून लाकूड कुजले आहे का ते पाहिले. खिशातली एक काचेची गोटी काढून जेवणघराच्या जमिनीवर ठेवली. ती सावकाश घरंगळत उत्तरेच्या भिंतीशी थांबली. मग तळघराच्या त्या भिंतीला या टोकापासून त्या टोकापर्यंत दोरी ताणली आणि मधले अंतर टेपने मोजले. भिंतीने आत दीड इंच पोट काढले होते. इथली माती चिकण आहे, पाणी प्यायली की फुगते आणि भिंतीला ढकलते. मैलापाण्याच्या नळात त्याने कॅमेरा सोडला, तेव्हा मातीच्या जुन्या नळीच्या सांध्यांतून मेपलच्या मुळ्या आत आलेल्या स्वच्छ दिसल्या.

दादा, आता मुद्द्याचे सांगते. घर जसे आहे तसे विकले म्हणजे दोष झाकायची मुभा मिळाली, असे इथे अनेक आपली माणसेसुद्धा समजतात. एका परिचितांनी आम्हाला सांगितले की तळघराच्या भिंतीवर पांढरा वॉटरप्रूफ रंग मारा, दोन कपाटे लावा, कोण बघतो. खरे सांगते, दोन रात्री ह्यांच्या मनात ते घोळले. पण वकिलांनी स्पष्ट केले की जसे आहे तसे याचा अर्थ दुरुस्ती विकणारा करणार नाही, एवढाच. माहीत असलेला दोष मुद्दाम लपवला तर खटला होऊ शकतो. ओहायोत घराच्या माहितीचा छापील अर्ज भरून द्यावा लागतो: छप्पर, पाणी, पाया, वाळवी, सगळे. 1978 पूर्वीचे घर असेल तर शिशाच्या रंगाबाबत लेखी सूचना आणि माहितीपुस्तिका देणे हा देशभराचा कायदा आहे. शिवाय क्लीव्हलँड हाइट्समध्ये विक्रीपूर्वी नगरपालिकेचा निरीक्षक घर पाहून दोषांची यादी करतो, आणि ते दुरुस्त केले नाहीत तर त्यासाठीची रक्कम मध्यस्थाकडे अडकवून ठेवावी लागते. आमच्या गिऱ्हाइकाने ती यादी स्वतःच्या अंगावर घेतली आणि मध्यस्थाकडचे पैसेही त्यानेच भरले. जसे आहे तसे या शब्दांची खरी किंमत आम्हाला तिथे मिळाली.

2014 च्या पावसाळ्यात तळघरात ओल आली होती, तेही मी अर्जात लिहिले. ह्यांना वाटले, भाव पडणार. त्या गृहस्थाने वाचले, मान हलवली आणि भाव तोच ठेवला, कारण भिंतीचा खर्च त्याने दोरी ताणली तेव्हाच धरला होता.

मे महिन्यात व्यवहार पुरा झाला. भाड्याने दिलेले घर असल्याने काही कर बसेल, तो हिशेब लेखापाल करत आहेत. महिन्याला कर, विमा आणि गवत कापणे मिळून साडेसातशे डॉलर जात होते, ते थांबले.

आता गावच्या घराविषयी. तू म्हणालास की बिल्डर पाहायला यायच्या आधी माजघराच्या भिंतीला चुना देऊन भेग बुजवणार आहेस. ती पाया खचल्याची भेग आहे. बाबा असताना एकदा बुजवली होती आणि दोन पावसाळ्यांत पुन्हा उघडली. येणारा माणूस धंद्यातला आहे, तो घर पाडण्यासाठीच घेणार. त्याला भेगेशी कर्तव्य नाही, पण ताजा चुना दिसला की आणखी काय झाकले आहे ते तो शोधत बसेल. त्यापेक्षा सातबारा, आपल्या तिघांची वारस नोंद आणि मागच्या बोळाची हद्द, यांचे कागद आधी नीट लाव; त्याचा भाव त्यावर हलेल. आणि त्याने दुसऱ्याला हक्क सोपवण्याचे कलम घातले असेल, तर मला दाखवल्याखेरीज सही करू नकोस.

माझ्या सहीसाठी कुलमुखत्यारपत्र लागेल. ते भारतीय वाणिज्य दूतावासातून साक्षांकित करून पाठवते. तिकडे पोहोचल्यापासून तीन महिन्यांच्या आत त्यावर मुद्रांक शुल्क भरावे लागते, हे वकिलांना सांगून ठेव, नाहीतर ते कपाटात पडून राहील.

भेगेचे फोटो चुना देण्याआधी काढून पाठव. शेजारी फूटपट्टी धर म्हणजे रुंदी कळेल. वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझी धाकटी बहीण