विक्का शिकायचा तर आधी वही घ्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

विक्का म्हणजे करणी-भानामती नव्हे. जेराल्ड गार्डनर यांनी १९५०च्या दशकात इंग्लंडमध्ये लोकांपुढे आणलेला हा निसर्गपूजक धर्म आहे. नवख्याने आधी महागडे सामान घेऊ नये, एक वही घ्यावी. अमावास्या ते अमावास्या रोज रात्री चंद्राची कला, हवा आणि मनाची अवस्था दोन ओळींत लिहावी. तिथी पंचांगात मिळतेच.

खरी गफलत होते ती ऋतूंची. विक्काच्या वर्षातल्या आठ सणांपैकी १ ऑगस्टचा लामास हा तिकडे नव्या गव्हाच्या पावाचा सण; तेव्हा जावळीत गुडघाभर चिखलात भात उभा असतो. म्हणून वहीत या आठही सणांपुढे त्या आठवड्यात आपल्या शिवारात काय चाललंय ते लिहावं. तिथूनच हा धर्म उमगू लागतो.

विधीला एक मेणबत्ती, वाटीभर पाणी, चिमूटभर मीठ पुरे. कोळशावर धूप जाळताना खिडकी उघडी हवीच, बंद खोलीत विषारी वायू साचतो. धोतऱ्याचं पान किंवा बी धुपात कधीही घालू नये, त्याचा धूरही बाधतो. उरलेलं मेण कृष्णेत सोडू नये, पुन्हा वितळवून वापरावं.

– विक्काचे दोन अभ्यासक, सातारा