एवढे दिवस एकाच गावात काय केलंत?

मिरज,
फेब्रुवारी अखेर

प्रिय सुमन,

परवा फोनवर तू विचारलंस, "अगं, एवढे दिवस एकाच गावात करायचं तरी काय?" आणि तेवढ्यात तुझ्या दारावर कुणीतरी आलं, बोलणं अर्धं राहिलं. तसं ते फोनवर सांगण्यासारखं नव्हतंच. म्हणून आज दुपारी सगळं आवरून पत्र लिहायला बसले आहे. चहा घेऊन बस, लांबणार आहे.

तुला तर सगळं माहीत आहे. लग्नानंतर आम्ही दोघंच असे कधी कुठे गेलोच नाही. महाबळेश्वरला गेलो तेही नणंदेला सोबत घेऊन. पुढे ह्यांची मोजणी खात्यातली नोकरी, दर काही वर्षांनी नवा तालुका, मुलांच्या शाळा, मग सासूबाईंचं अंथरुण. सहली झाल्या, नाही असं नाही, पण त्या सगळ्या पळापळीच्या. पहाटे उठा, गाडीत बसा, देऊळ बघा, किल्ला बघा, जेवा, पुढे चला. घरी येऊन बघावं तर फोटो भरपूर आणि अंग मोडून आलेलं. गेल्या वर्षी सासूबाई गेल्या, हेही निवृत्त झाले, आणि घर असं शांत झालं की एकमेकांशी काय बोलावं हेच कळेना. धाकटीच्या ते लक्षात आलं. ती म्हणाली, "आई, एक गाव धरा आणि तिथे नुसते राहून या." पुदुच्चेरी तिनेच सुचवलं. दादरहून निघणारी चालुक्य एक्सप्रेस आपल्या मिरजेवरून थेट तिकडे जाते. कुठे गाडी बदलायची नाही, की सामान घेऊन धावायचं नाही. मोठा प्रवास आहे, पण आम्हाला कसलीच घाई नव्हती.

खोली घेतली होती समुद्रापासून दोन गल्ल्या आत, एका जुन्या फ्रेंच घराच्या माडीवर. उंच छत, लाकडी झडपांच्या खिडक्या, मोहरीच्या रंगाच्या भिंती आणि कंपाउंडवरून रस्त्यावर ओसंडणारी गुलाबी बोगनवेल. गावाच्या मधून एक कालवा जातो. त्याच्या समुद्राकडच्या अंगाला फ्रेंचांची वस्ती, दुसऱ्या अंगाला तमिळ. इकडे रस्त्यांच्या निळ्या पाट्यांवर फ्रेंच आणि तमिळ अशी दोन्ही नावं, रोमाँ रोलाँ, द्युमा, सुफ्राँ. आणि कालवा ओलांडला की घरापुढे लाकडी खांबांचे ओटे, दारात कोलमची रांगोळी, मोगऱ्याचे गजरे मोजून देणाऱ्या बायका. दोन्हीकडे आम्ही रोज चाललो. ठरवून काहीच नाही.

पहाटेचं मात्र सांगितलंच पाहिजे. ह्यांचं आजोळ वेंगुर्ल्याचं. समुद्र म्हटलं की सूर्य त्यात बुडायचा, हे ह्यांच्या मनात लहानपणापासून पक्कं. इथे तो समुद्रातून वर येतो. पहिल्या दिवशी आम्ही अंधारातच उठून गेलो. किनाऱ्याचा तो लांबलचक रस्ता संध्याकाळी सहापासून सकाळी साडेसातपर्यंत गाड्यांना बंद असतो, त्यामुळे हॉर्न नाही, धूर नाही, फक्त चालणारी माणसं आणि दगडांवर आपटणाऱ्या लाटा. आधी पाण्याच्या कडेला राखाडी पट्टी दिसली, मग ती तांबूस झाली, आणि मग बघता बघता लालभडक गोळा पाण्यातून सुटा झाला. हे कठड्याला टेकून गप्प उभे होते. थोड्या वेळाने म्हणाले, "आईला हे दाखवायला हवं होतं." सुमन, सासूबाई गेल्यापासून हे त्यांच्याबद्दल एक शब्द बोलले नव्हते. त्या दिवशी बोलायला लागले ते कॉफी संपेपर्यंत. वेंगुर्ल्याचं घर, मामा, बंदरावरची माणसं. एवढ्या वर्षांच्या संसारात मी त्यातलं निम्मंही ऐकलं नव्हतं.

त्यानंतर रोज तोच क्रम झाला. पहाटे समुद्र, मग नेहरू स्ट्रीटवरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये इडली नाहीतर डोसा आणि कॉफी. येताना बेकरीतून लांब फ्रेंच पाव घ्यायचा, तो बाहेरून इतका कुरकुरीत की तोडताना आवाज होतो. दुपारी केळीच्या पानावर जेवण. रसम, कुट्टू म्हणजे डाळ घातलेली भाजी, अप्पळम म्हणजे पापड, आणि समोरच्याने वाढायचं थांबावं म्हणून दोन्ही हात पानावर धरायचे. मग गावाबरोबर आपणही झोपायचं. तिकडे दुपारी बरीचशी दुकानं बंदच असतात, ऊनही कडक असतं. एवढ्या वर्षांत दुपारी दोन तास सलग झोपल्याचं मला आठवत नाही. मी तिथे रोज झोपले, आणि जाग आल्यावर लगेच कशासाठी उठायचंही नव्हतं.

आता ह्यांची गोष्ट. मला भीती होती की हे कंटाळतील. आयुष्यभर शेताच्या बांधावर उभं राहून काम केलेला माणूस, नुसता बसणार कसा? तर एका संध्याकाळी गल्लीच्या टोकाशी झाडाखाली मातीचं पटांगण दिसलं. सात-आठ म्हातारे पोलादी गोळे घेऊन खेळत होते. खेळाचं नाव पेताँक. आधी एक छोटा लाकडी गोळा लांब टाकतात, मग जमिनीवर आखलेल्या वर्तुळात पाय रोवून प्रत्येकाने आपला गोळा त्याच्या जास्तीत जास्त जवळ टाकायचा, किंवा दुसऱ्याचा गोळा नेमका मारून उडवायचा. आम्ही बघत उभे राहिलो. थोड्या वेळाने दोन गोळे असे पडले की जवळचा कुठला ते सांगता येईना. तमिळमध्ये वाद, मध्येच फ्रेंच. हे सरळ पुढे गेले, किल्लीच्या जुडग्याची छोटी टेप काढली, उकिडवे बसले आणि दोन्ही अंतरं मोजून बोटाने दाखवलं, हा. दोन्ही बाजूंनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी गेलो तर ह्यांच्यासाठी खुर्ची ठेवलेली! भाषा ना ह्यांना त्यांची येत, ना त्यांना ह्यांची, पण रोज संध्याकाळी तासभर हे तिथे असायचे आणि मी शेजारच्या बाकावर पुस्तक घेऊन.

त्यातले एक आजोबा थोडंफार हिंदी बोलायचे. त्यांचे वडील फ्रेंच सैन्यात होते. फ्रेंचांनी १९५४ साली गाव भारताच्या हवाली केलं, पण कागदोपत्री हस्तांतर पक्कं व्हायला १९६२ उजाडलं, आणि तेव्हा ज्यांनी फ्रेंच नागरिकत्व निवडलं त्यांची घरं अजून तिथे आहेत. हे आजोबा पुदुच्चेरीत बसून फ्रान्सच्या निवडणुकीत मत देतात. घरी सांबार आणि पाव दोन्ही.

तिथला समुद्रही ह्यांना पुरला. गावासमोर पुळण नाही, नुसते काळे दगड रचलेले. हे लगेच विचारायला लागले, असं का? माहिती काढली तेव्हा कळलं, पूर्वी तिथे छान रुंद पुळण होती. त्या किनाऱ्यावर वर्षातला बराच काळ वाळू दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकत असते. १९८० च्या दशकात गावाच्या दक्षिणेला बंदर झालं, त्याच्या धक्क्यांनी ही वाळू अडवली, आणि उत्तरेकडची पुळण लाटांनी हळूहळू खाऊन टाकली. मग किनारा वाचवायला दगड टाकावे लागले. अलीकडे सचिवालयासमोर पाण्याखाली एक कृत्रिम अडथळा घातला आहे. त्याच्या आडोशाला लाट मंदावते आणि वाळू परत साचते. तेवढ्या तुकड्यावर आता पोरं किल्ले करतात. हे कितीतरी वेळ तिथे उभे राहून वाळू कुठून कुठे सरकत असेल ते मला हाताने दाखवत होते. मला त्या वाळूपेक्षा ह्यांचा चेहरा बघण्यात जास्त रस होता. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच तो असा उजळलेला दिसला.

बघण्यासारखं काहीच बघितलं नाही असंही नाही. किनाऱ्यावर गांधीजींचा मोठा पुतळा आहे आणि त्याच्या भोवती उंच, कोरीव दगडी खांब. ते खांब जिंजीहून आणलेले आहेत हे कळलं आणि आम्ही दोघांनी एकमेकांकडे बघितलं. जिंजी! शाळेत नुसतं नाव पाठ केलेलं. १६७७ मध्ये महाराजांनी घेतलेला किल्ला, आणि पुढे १६८९ मध्ये राजाराम महाराज वेषांतर करून आपल्या पन्हाळ्यावरून निघाले ते तिथे पोचले. जिथून ते निघाले तो पन्हाळा आपल्याला इतका जवळचा आणि जिथे पोचले ते गाव कधी डोळ्यांनी बघितलेलं नाही. मग एक दिवस गाडी केली. अंतर सत्तर किलोमीटरच्या आसपास. तीन डोंगर, त्यांवर कुणी हाताने रचावेत असे प्रचंड गोल दगड, आणि तिन्ही डोंगरांना वेढणारी तटबंदी. मोगलांनी आठ वर्षं वेढा घातला तरी स्वराज्याचा कारभार तिथून चालत होता, तो कसा ते बघितल्यावर कळतं. माझ्या गुडघ्यांमुळे त्यातला सगळ्यांत उंच राजगिरी चढायचा विचारच केला नाही. कल्याणमहालाच्या सावलीत बसलो, डबा खाल्ला. ह्यांनी दगडाला हात लावून नमस्कार केला. मीही केला. २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशात घेतलं ना, त्यातले अकरा आपल्याकडचे आणि बारावा हा. तुम्ही दोघं गेलात तर हा दिवस चुकवू नका. माझं ऐक, पायथ्याशी बसून आलात तरी चालेल.

श्रीअरविंदांच्या आश्रमातही जाऊन बसत होतो. श्रीअरविंद बडोद्याला सयाजीराव महाराजांकडे नोकरीत होते, मराठी शिकले होते, आणि १९१० मध्ये पुदुच्चेरीला आले ते अखेरपर्यंत तिथेच राहिले. अंगणात सोनमोहराच्या झाडाखाली त्यांची आणि आश्रम सांभाळणाऱ्या माताजींची समाधी, तिच्यावर रोज ताज्या फुलांची आरास. कुणी बोलत नाही. मी काही फार ध्यान करणारी नव्हे, पण तिथे सासूबाईंसाठी डोळे भरून आले आणि कुणी वळून बघितलं नाही, ह्याचं मला फार बरं वाटलं. जवळच मनकुळ विनायगर म्हणून गणपती आहे, फ्रेंच येण्याच्याही आधीचा. संकष्टीला तिथेच गेलो. मोदकासारखंच उकडलेलं कोळुकट्टै मिळालं.

मासळीबाजारात ह्यांना वंजिरम म्हणजे आपली सुरमई हे कळल्यापासून जेवणाचाही प्रश्न मिटला.

आता खरं बोलते. हे पत्र मी तुझ्या प्रश्नाचं उत्तर म्हणून लिहिलं, पण ते लिहिताना सारखे भाऊजी डोळ्यांसमोर होते. त्यांच्या बायपासनंतर तू घराबाहेर पडलीच नाहीस. त्यांना गोळ्या वेळेवर, पथ्य वेळेवर, पण तुम्ही दोघं गप्पा मारत बसला आहात असं मला कधी दिसत नाही. फोनवर तुझा आवाजही थकलेला असतो. डॉक्टरांनी प्रवासाला हरकत नाही म्हटलंय, हे तूच मला सांगितलंस. गाव सपाट आहे, चढ नाही. सकाळ-संध्याकाळ त्यांचं चालणं आपोआप होईल, दवाखानेही भरपूर आहेत. ऑक्टोबर ते डिसेंबर नको, तिकडचा पाऊस तेव्हाचा. एप्रिल-मेचा उन्हाळाही नको. मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात निघालात तर हवा अजून सोसण्यासारखी असते, नाहीतर सरळ पुढचा जानेवारी धरा. पण पुढच्या जानेवारीवर टाकू नकोस, मी तुला ओळखते.

खोली माडीवरची नको, तळमजल्यावरची माग. जेवणात मीठ-तिखट कमी सांगितलं तर करून देतात. आम्ही राहिलो त्या बाईंचा नंबर माझ्याकडे आहे, त्या फार प्रेमाने वागतात. भाऊजींना रिझर्व्हेशनच्या रांगेत उभं करू नकोस, आमचे हे काढून देतील. त्यांनी कालच विचारलं, "सुमनताईंचं काय ठरलं?" तर तारीख कळव, दोघांची आधार कार्डं पाठव आणि खालचा बर्थ हवा तेही लिही. मिरज स्टेशनवर आम्ही डबा घेऊन येतोच.

भाऊजींना नमस्कार. मुलांना आशीर्वाद.

तुझी,
वैशाली

ता. क. पेताँकवाल्या आजोबांना सुपारी फोडायचा अडकित्ता फार आवडला होता, ह्यांच्या पिशवीत बघितला होता त्यांनी. मी एक घेऊन ठेवला आहे. तुम्ही गेलात की तेवढा त्यांच्या हातात द्यायचा आहे.