क्रमांक घातलेल्या दगडांचा पूल

महोदय,

गेल्या उन्हाळ्यात मुलीकडे इंग्लंडला गेलो असताना आम्ही सॉमरसेटमधील एक्समूर राष्ट्रीय उद्यानात चार दिवस पायी हिंडलो. डल्व्हर्टन गावातून बार्ल नदीच्या काठाकाठाने, ओकच्या दाट झाडीतून वर चालत गेल्यावर ‘टार स्टेप्स’ हा जुना दगडी पूल लागतो. त्याला कमान नाही, चुना नाही, कठडाही नाही. दगड रचून केलेल्या बुटक्या खांबांवर एक ते दोन टन वजनापर्यंतच्या शिळा नुसत्या आडव्या टाकलेल्या आहेत. अशी १७ गाळ्यांची ही रांग सुमारे ५५ मीटर लांब आहे. पूल सैतानाने पैजेखातर बांधला, अशी दंतकथा आहे. काही जण त्याला इतिहासपूर्व काळात नेतात, तरी तो मध्ययुगीन असावा असे मानण्याकडेच कल अधिक आहे.

मला मात्र वयापेक्षा त्याच्या डागडुजीची हकिकत महत्त्वाची वाटली. १९५२च्या महापुरात आणि पुन्हा डिसेंबर २०१२मध्ये या पुलाच्या शिळा वाहून गेल्या. पुरात वाहत येणारी झाडे पुलावर आदळू नयेत म्हणून वरच्या अंगाला पोलादी दोर बांधलेले असतात; २०१२मध्ये तेही तुटले. तरीही पूल पुन्हा उभा राहिला, कारण शिळांना क्रमांक दिलेले आहेत, त्यामुळे प्रवाहात खाली सापडलेली शिळा नेमक्या कोणत्या जागी बसवायची हे ठरवता येते. खर्च म्हणावा तर रंगाचा आणि नोंदवहीचा.

आपल्या सातारा जिल्ह्यात प्रतापगडाच्या पायथ्याशी, पार गावाजवळ कोयनेवर शिवकालीन म्हणून ओळखला जाणारा दगडी पूल आहे. तो चुन्यात बांधलेला, कमानींचा असल्याने टार स्टेप्सची पद्धत तेथे जशीच्या तशी लागू होणार नाही, हे मान्य आहे. परंतु प्रत्येक कमानीची मापे, घडीव दगडांचे क्रमांकित नकाशे आणि छायाचित्रे, एवढे काम नक्कीच होऊ शकते. महाडजवळ सावित्रीवरील जुना दगडी पूल २ ऑगस्ट २०१६च्या रात्री पुरात कोसळून एसटीच्या गाड्या प्रवाशांसह वाहून गेल्या, हे आपण विसरलेलो नाही. पारच्या पुलाची अशी नोंद झाली असल्यास संबंधित खात्याने ती लोकांसाठी खुली करावी, आणि झाली नसल्यास येत्या पावसाळ्यापूर्वी ती करून घ्यावी, ही विनंती.

— एक वाचक, सातारा