टक्का बघू नका, तळटीप उघडून बघा : उच्च शिक्षणमंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. उच्च व तंत्रशिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य

विषय : पीएचडी प्रबंधांतील संदर्भांची पडताळणी

महोदय,

प्रबंध विद्यापीठात दाखल होताना त्याच्यासोबत एक कागद जातो. संगणकाने काढलेला, इतर लेखनाशी असलेल्या साम्याचा अहवाल. बोलताना सगळे त्याला 'प्लॅगरिझम रिपोर्ट' म्हणतात. त्यावरचा टक्का दहाच्या आत असला की गाईडची सही होते, विभागाची होते, आणि प्रबंधाच्या शेवटची संदर्भसूची त्यानंतर कोणी उघडत नाही. हे पत्र त्या न उघडल्या जाणाऱ्या पानांबद्दल आहे.

कोल्हापूरच्या मार्केट यार्डात गुळाचा भाव रंगावर ठरतो, आणि पिवळाधमक रंग हायड्रॉस ही रंग उजळवणारी रासायनिक पावडर टाकूनही आणता येतो हे सौद्याला उभ्या असलेल्या प्रत्येकाला ठाऊक असते. टक्क्याचे आज तसेच झाले आहे.

विद्यापीठ अनुदान आयोगाचे २०१८ चे विनियम वाचले तर साम्याच्या पायऱ्या स्पष्ट आहेत. १० टक्क्यांपर्यंत दंड नाही. १० ते ४० टक्के असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून पुन्हा सादर करायचे, ४० ते ६० असेल तर एक वर्ष सादर करण्यास बंदी, ६० च्या वर गेल्यास नोंदणी रद्द. यातल्या पहिल्या पायरीचा अर्थ व्यवहारात 'दहा टक्के चालते' असा झाला. अडीचशे पानांच्या प्रबंधात दहा टक्के म्हणजे पंचवीस पाने. ती पंचवीस पाने निष्कर्षाच्या प्रकरणातली असली तरी आकडा तोच येतो.

मराठी प्रबंधांच्या बाबतीत तर हा आकडा बहुतेक वेळा काहीच सांगत नाही. सॉफ्टवेअर अक्षरांची तुलना करते, अर्थाची नाही. आपली मागच्या पिढीतली बरीच पुस्तके, स्मरणिका, जुने प्रबंध श्रीलिपीसारख्या जुन्या फॉन्टमध्ये टाइप झालेले आहेत. डोळ्यांना मराठी दिसते, पण फाइलच्या आत रोमन अक्षरे आणि चिन्हांची खिचडी असते. युनिकोडमधल्या नव्या प्रबंधाशी ती जुळणे शक्यच नाही. स्कॅन केलेल्या पानांत तर मजकूरच नसतो, नुसते चित्र असते. पारखायची सोपी रीत अशी : पीडीएफमधली एक ओळ कॉपी करून नोटपॅडमध्ये चिकटवायची. तिथे मराठी उमटले नाही, तर सॉफ्टवेअरलाही ते दिसलेले नाही. मग 'साम्य ४ टक्के' या वाक्याचा अर्थ 'तुलनेला काही सापडले नाही' इतकाच उरतो.

सलग चौदा शब्दांपर्यंतचे योगायोगाचे साम्य सोडून द्यावे, ही सवलत इंग्रजी वाक्य डोळ्यांसमोर ठेवून दिलेली दिसते. 'घाटावरच्यांनासुद्धा' हा मराठीत एक शब्द आहे; इंग्रजीत त्याला सहा लागतात. मराठीत चौदा शब्दांत आख्खा युक्तिवाद मावतो. आणि इंग्रजी प्रबंध यंत्राकडून मराठीत आणला तर एकही शब्द जुळत नाही. असा मजकूर माणसालाच ओळखता येतो : 'फील्डवर्क'चे 'शेतातील काम' झालेले असते, 'लीड बँक' ही 'शिसे बँक' झालेली असते. सॉफ्टवेअर अशा पानाला शून्य टक्के देते.

तरीही शब्दांची चोरी हा लहान भाग म्हणावा लागेल. न पाहिलेला संदर्भ पाहिल्यासारखा देणे हे त्याहून अधिक चालते, आणि ते कोणत्याच अहवालात येत नाही.

उदाहरण आमच्याच कोल्हापूरचे घेऊ. राजर्षी शाहू महाराजांचा २६ जुलै १९०२ चा आदेश करवीर (कोल्हापूर संस्थान) सरकारच्या गॅझेटमध्ये प्रसिद्ध झाला. सामाजिक शास्त्रांच्या असंख्य प्रबंधांत तळटीप असते 'करवीर गॅझेट, १९०२'. ना पान, ना भाग, ना ते कुठे पाहिले याचा पत्ता. वाचलेले असते दुसरेच एखादे पुस्तक. बिघडते काय? त्या पुस्तकात आदेश 'मागासांना ५० टक्के आरक्षण' एवढा आटलेला असतो. मूळ मजकूर सांगतो की आदेश मिळाल्याच्या तारखेपासून रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के मागासवर्गीयांतून भरायच्या; आणि मागासवर्ग म्हणजे ब्राह्मण, प्रभू, शेणवी, पारशी व इतर पुढारलेले वर्ग सोडून बाकीचे सर्व. रिक्त होणाऱ्या जागा आणि एकूण जागा यांत केवढे अंतर आहे हे आजच्या आरक्षणाच्या वादात कोणालाही समजावून सांगायला नको. मूळ कागद न पाहता लिहिणाऱ्याच्या हातून नेमके हेच दोन तपशील निसटतात, आणि पुढचा विद्यार्थी त्याच्यावरून उतरवून घेतो.

प्रामाणिक नोंद अवघड नसते. 'करवीर सरकारचे गॅझेट, २६ जुलै १९०२; येथे अमुक पुस्तकातून उद्धृत, आवृत्ती, वर्ष, पृष्ठ' असे लिहिले की झाले. मूळ पाहायचेच असेल तर कोल्हापूरचे पुरालेखागार आहे, आणि शिवाजी विद्यापीठाच्या शाहू संशोधन केंद्राने छापलेले कागदपत्रांचे खंड आहेत. दुय्यम साधनावरून लिहिणे हा गुन्हा नाही, ते दडवणे हा आहे.

महाराजांच्या जन्मतारखेचेही तसेच. जुन्या पुस्तकांत २६ जुलै १८७४ आढळते, शासन जयंती २६ जूनला साजरी करते. दोन्ही तारखा एकाच प्रबंधात, वेगवेगळ्या प्रकरणांत, न बिचकता दिलेल्या असतात. विद्यार्थ्याने दोन साधने वाचली खरी, पण ती समोरासमोर ठेवली नाहीत.

मोडी कागदांच्या तारखांत आणखी एक खड्डा आहे. इसवी सन काढताना शक वर्षात सरसकट ७८ मिळवतात. डिसेंबरअखेरपर्यंत ते बरोबर. जानेवारीपासून चैत्र लागेपर्यंत ७९ मिळवावे लागतात. शके १६८२ च्या पौषात झालेले पानिपत म्हणूनच १७६१ सालचे. जुन्या कागदांतले आणखी दोन सन : फसली या महसुली सनात जूनपासून डिसेंबरपर्यंत ५९० आणि त्यानंतर ५९१, शुहूर सनात ५९९ आणि ६००. मूळ तिथी जशीच्या तशी द्यायची, इंग्रजी तारीख चौकोनी कंसात द्यायची, आणि दफ्तर, रुमाल (कागदांचे बासन) क्रमांक, कागद क्रमांक व लिप्यंतर कोणी केले हे लिहायचे. रुमालाचा क्रमांक नसलेली मोडीची तळटीप म्हणजे गल्लीचे नाव नसलेला पत्ता.

आकड्यांना जागा लागते. 'पाणीपातळी ४५ फुटांवर' असे बातमीतून उचललेले वाक्य महापुरावरच्या प्रबंधात येते. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३. सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची ४० आणि ४५. मोजपट्टी कुठली हे न लिहिता दिलेला ४५ हा आकडा कोल्हापुरात एक सांगतो, सांगलीत दुसरेच. महापुराचा अभ्यास करणाऱ्या वडनेरे समितीच्या अहवालाचेही बहुतेक ठिकाणी वर्तमानपत्रातले सारांशच येतात. वर्तमानपत्र जरूर वापरावे, पण आवृत्तीसह : कोल्हापूर आवृत्तीतले पान सांगली आवृत्तीत असेलच असे नाही. आणि कोल्हापुरी चपलेचे भौगोलिक मानांकन 'कोल्हापूरचे' म्हणून लिहिणाऱ्याने नोंदणी उघडली असती, तर ते महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार अशा आठ जिल्ह्यांचे आहे हे पहिल्याच पानावर कळले असते. हे आपल्याला रुचत नाही, तो वेगळा विषय.

तळटिपांतल्या 'तत्रैव'ने, म्हणजे 'वरचाच संदर्भ' या खुणेने, किती घोळ होतो हे प्रबंध तपासणाऱ्यालाच कळते. मधे एक नवी टीप घातली, परिच्छेद वरखाली झाला, की पुढचे सगळे 'तत्रैव' भलत्याच पुस्तकाकडे बोट दाखवतात. लेखन चालू असताना 'तत्रैव' वापरूच नये. प्रत्येक टिपेत लेखक, वर्ष, पृष्ठ द्यावे आणि आटोपशीर करायचे ते शेवटच्या दिवशी. पृष्ठांक पहिल्या आवृत्तीचा आणि वर्ष पुनर्मुद्रणाचे, अशी जोडी दिसली की संदर्भ दुसऱ्याच्या सूचीतून आला आहे असे खुशाल समजावे. छपाईची चूकही संदर्भासोबत प्रवास करते.

आता यंत्राने (एआयने) रचलेले संदर्भ आले आहेत. लेखक खरा, नियतकालिक खरे, वर्षही पटण्याजोगे. फक्त तो लेख कधी लिहिलाच गेलेला नाही. ओळखायला पाच मिनिटे लागतात. डीओआय, म्हणजे लेखाचा ऑनलाइन ओळखक्रमांक, १० या आकड्याने सुरू होतो. तो त्याच्या संकेतस्थळावर टाकला की लेख उघडला पाहिजे, आणि जो उघडला तोच सूचीत असला पाहिजे. डीओआय नसेल तर त्या अंकाची अनुक्रमणिका पाहायची. मराठी नियतकालिकांना बहुधा डीओआय नसतो, म्हणून तिथे अंक हातात घेण्याला पर्याय नाही. करवीर नगर वाचन मंदिर किंवा विद्यापीठाचे बॅरिस्टर बाळासाहेब खर्डेकर ग्रंथालय यांच्या पायऱ्या चढाव्याच लागतात.

आयोगाने मान्य नियतकालिकांची 'केअर' यादी फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद केली. यादी फार चांगली होती असे नाही, पण ती गेल्यामुळे निवडीची जबाबदारी महाविद्यालयांवर आली, आणि महाविद्यालयांनी ती आयएसएसएन क्रमांकावर ढकलली. आयएसएसएन हा नियतकालिकाच्या ओळखीचा क्रमांक आहे, दर्जाचा शिक्का नव्हे, पुस्तकाचा आयएसबीएनही तसाच. 'तीन दिवसांत स्वीकृती' असे म्हणणाऱ्याकडे लेख कोणी तज्ज्ञ वाचत नाही, हे वेगळे सिद्ध करण्याची गरज नाही. संपादक मंडळातली दोन नावे त्यांच्या संस्थेच्या संकेतस्थळावर शोधून पाहावीत. तिथे त्या संपादकपदाचा उल्लेख नसेल, तर एक दूरध्वनी करावा.

आयोगाचे विनियम बदलणे राज्याच्या हातात नाही, याची जाणीव आहे. विद्यापीठांना मौखिक परीक्षेपूर्वी एक पायरी वाढवायला सांगणे मात्र आपल्या हातात आहे. प्रत्येक प्रबंधातले वीस संदर्भ मूळ साधनाशी ताडून पाहावेत. दहा चिठ्ठ्या टाकून, दहा निष्कर्षाच्या प्रकरणातून. गाईडने निवडलेले नकोत. प्रत्येकाला चार प्रश्न : साधन अस्तित्वात आहे का, सांगितलेली आवृत्ती हीच का, त्या पृष्ठावर तो मजकूर आहे का, आणि मजकुराचा अर्थ प्रबंधात लावला आहे तसाच आहे का. पहिले तीन प्रश्न ग्रंथपालाचे, चौथा विषयतज्ज्ञाचा. ग्रंथपाल दुसऱ्या महाविद्यालयाचा असावा. वीसपैकी दोनांहून अधिक संदर्भ पडले तर पूर्ण सूची विद्यार्थ्याकडे परत, दंडाशिवाय, तीन महिन्यांच्या मुदतीने. पहिल्या वेळी शिक्षा ठेवली तर पडताळणारे डोळेझाक करतील.

एका प्रबंधाला ग्रंथपालाचा साधारण एक दिवस जाईल. ग्रंथपालाचे पदच रिकामे असेल तिथे हे होणार नाही, आणि सहीसाठी कोणाला तरी बसवून ठेवले तर साम्याच्या अहवालासारखाच आणखी एक कागद तयार होईल. म्हणून आधी पदे, मग परिपत्रक, हा क्रम उलटा होऊ देऊ नये. शासनाच्या दर्शनिका (गॅझेटिअर) आणि साहित्य संस्कृती मंडळाची जुन्या फॉन्टमधली प्रकाशने युनिकोडमध्ये आणून मूळ पृष्ठांक कायम ठेवले, तर निम्मी पडताळणी टेबलावर बसून होईल. पृष्ठांक गेले तर युनिकोडचा उपयोग अर्धाच.

वीस नोंदींच्या तक्त्याचा एक पानी नमुना सोबत जोडला आहे. त्यात टक्क्यासाठी रकाना ठेवलेला नाही.

आपले,
कोल्हापुरातील काही संशोधन मार्गदर्शक, ग्रंथपाल आणि मोडी वाचक