महाविद्यालयातील संशोधनाच्या जतनासाठी कोल्हापूरकरांना आवाहन

सप्रेम नमस्कार,

आमच्या छोट्या महाविद्यालयात आजवर झालेले सर्व विषयांतील संशोधन एका ठिकाणी आणावे, त्याचे नीट स्कॅनिंग करून सूची तयार करावी आणि ते कोणालाही विनामूल्य वाचता यावे, या हेतूने महाविद्यालयाची ग्रंथालय समिती आणि माजी विद्यार्थी मंडळ यांनी मिळून काम हाती घेतले आहे. त्यासाठी निधी हवा आहे, जुन्या प्रती हव्या आहेत आणि जाणत्या माणसांचा थोडा वेळही हवा आहे. करवीर नगर वाचन मंदिरासारखे ग्रंथालय ज्या शहरात १८५० सालापासून चालत आले आहे, तेथे अशी मागणी करताना आम्हाला संकोच वाटत नाही.

१९६२ मध्ये शिवाजी विद्यापीठाची स्थापना झाली आणि या भागातील महाविद्यालयांमध्ये शिकवणाऱ्यांना आपल्याच गावात राहून संशोधन करण्याची वाट मोकळी झाली. दिवसभर तास घ्यायचे, सुट्टीत गावोगाव हिंडून माहिती गोळा करायची आणि रात्री लिहायला बसायचे, अशा रीतीने येथील अध्यापकांनी एम.फिल. आणि पीएच.डी.चे प्रबंध पूर्ण केले. त्यांच्या जोडीला विद्यापीठ अनुदान आयोगाच्या लघुशोध प्रकल्पांचे अहवाल, पदव्युत्तर विद्यार्थ्यांच्या प्रबंधिका म्हणजे छोटे प्रबंध, भूगोल विभागाच्या ग्राम-सर्वेक्षणांच्या वह्या आणि चर्चासत्रांत वाचलेले निबंध आहेत. एकाच इमारतीत कला, वाणिज्य आणि विज्ञान या तिन्ही शाखा असल्यामुळे भौतिकशास्त्रातील पदार्थांच्या अतिपातळ थरांवरचे (थिन फिल्म) काम आणि चंदगडी बोलीचा शब्दसंग्रह भिंतीला भिंत लावून तयार झाले. मोठ्या संस्थेत सहजी न घडणारी ही गोष्ट आहे आणि आमच्या मते या संग्रहाचे खरे मोलही तिच्यातच आहे.

गुळाचेच उदाहरण घ्या. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये भौगोलिक मानांकन, म्हणजे ठरावीक भागाचे उत्पादन म्हणून अधिकृत ओळख, मिळाले. गुऱ्हाळात काहिलीतला रस तापू लागला की भेंडीच्या खोडाचा चिकट रस त्यात सोडतात, त्यामुळे मळी वर येते आणि ती काढून टाकता येते. त्याऐवजी, किंवा त्याच्या जोडीला, हायड्रॉस हे रंग उजळणारे रसायन वापरले तर गूळ पिवळाधमक दिसतो, पण त्यात गंधकाचा अंश राहतो. हा रसायनशास्त्राचा विषय झाला. पिवळ्या गुळाला बाजारात भाव का मिळतो आणि काळपट पण स्वच्छ गूळ करणाऱ्या शेतकऱ्याला तो का मिळत नाही, हा अर्थशास्त्राचा प्रश्न आहे. गुळव्या, जळव्या, चुलवाण, काहील, वाफा, रवा हे गूळ करण्याच्या कामातले शब्द बंद पडणाऱ्या प्रत्येक गुऱ्हाळाबरोबर बोलण्यातून जात आहेत आणि त्यांची नोंद ठेवणे मराठी विभागाचे काम आहे. आमच्याकडे या तिन्ही अंगांनी काम झाले आहे, मात्र ते तीन विभागांच्या तीन कपाटांत आहे. एका विभागाच्या विद्यार्थ्याला शेजारच्या कपाटात काय आहे याची कल्पना नसते आणि प्रत्यक्ष गुऱ्हाळ चालवणाऱ्यापर्यंत तर यातले काहीच पोहोचलेले नाही.

कोल्हापुरी चपलेबाबतही असेच म्हणता येईल. २०१९ मध्ये महाराष्ट्र आणि कर्नाटकातील आठ जिल्ह्यांना मिळून तिचे मानांकन मिळाले. चामडे कमावण्यासाठी लागणारी बाभळीची साल आणि हिरडा वनस्पतिशास्त्राच्या नोंदींत सापडतो, तर कारागिरांच्या कुटुंबांची स्थिती समाजशास्त्राच्या अहवालांत.

सर्वांत निकडीचा भाग पुराच्या नोंदींचा आहे. पंचगंगेची पातळी राजाराम बंधाऱ्यावर मोजली जाते, तेथे ३९ फुटांना इशारा आणि ४३ फुटांना धोका मानतात, आणि २०१९ तसेच २०२१ च्या पुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले होते, हे प्रत्येक कोल्हापूरकराला पाठ आहे. परंतु बंधाऱ्यावरच्या एका आकड्यावरून कोणत्या गल्लीत पाणी कोणत्या उंबऱ्यापर्यंत येते हे कळत नाही. ते भिंतींवरच्या खुणा मोजून आणि म्हाताऱ्या माणसांना विचारून लिहावे लागते. विद्यार्थ्यांनी नदीकाठच्या गावांमध्ये जाऊन केलेल्या अशा नोंदी आणि ट्रेसिंग पेपरवर हाताने काढलेले नकाशे आमच्याकडे आहेत. त्या खुणा असलेली कित्येक घरे आज पाडून नव्याने बांधली गेली आहेत, म्हणजे ती मोजमापे पुन्हा घेणे आता शक्य नाही.

या सामग्रीची आजची स्थिती सांगणे आवश्यक आहे. प्रबंधांची काळी रेक्झिनची बांधणी कण्याजवळ सुटली आहे, पाठीवरची सोनेरी अक्षरे पुसट झाली आहेत. टंकलिखित पानांमध्ये डिंकाने चिकटवलेली छायाचित्रे सुटून भलत्याच पानात गेली आहेत. टाचण्या गंजल्यामुळे कागदावर तांबूस डाग पडले असून ट्रेसिंग पेपर घडीवर तडकत आहे. येथील पावसाळ्यातील दमटपणा आणि वाळवी यांपुढे लाकडी कपाट फार काळ टिकत नाही. संगणकावर लिहिलेले लेखन सुरक्षित असेल असे वाटत होते, पण तेथे वेगळीच अडचण आहे. युनिकोड ही सर्व संगणकांवर सारखी चालणारी अक्षरपद्धती रुळण्यापूर्वी मराठी मजकूर वेगवेगळ्या कंपन्यांच्या फॉन्टमध्ये टाइप होत असे आणि त्या फॉन्टमधली अक्षरे रोमन अक्षरांच्या जागी बसवलेली असत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की अर्थहीन रोमन अक्षरांच्या ओळी दिसतात. अशा फाइली फ्लॉपी आणि सीडीवर पडून आहेत, आणि त्या वाचणारी यंत्रेही दुर्मिळ होत चालली आहेत.

हे सगळे इतरत्र जपले जातच असेल, अशी शंका आम्हाला अनेकांनी विचारली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २००९ च्या नियमांनंतर पीएच.डी.चे प्रबंध गांधीनगरच्या इन्फ्लिबनेट केंद्राच्या ‘शोधगंगा’ या भांडारात जाऊ लागले आणि त्याचा मोठा उपयोग होत आहे. मात्र लघुशोध प्रकल्प, पदव्युत्तर प्रबंधिका, सर्वेक्षणाच्या वह्या यांना तेथे जागा नाही, आणि छोट्या महाविद्यालयाचे बहुतेक संशोधन याच स्वरूपाचे असते. एम.फिल. ही पदवी तर आयोगाने २०२२ च्या नियमांनुसार बंदच केली, त्यामुळे त्या प्रबंधांचा साठा आता वाढणार नाही, जो आहे तोच टिकवायचा आहे.

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांच्या संशोधनाची मोजदाद पुष्कळ झाली. आयोगाच्या २०१० च्या नियमांनी अध्यापकांच्या बढतीसाठी गुणांची पद्धत आणली, महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या ‘नॅक’ या संस्थेच्या मूल्यांकनात प्रकाशनांची संख्या विचारली जाऊ लागली, दर्जेदार नियतकालिकांसाठी २०१९ मध्ये आयोगाची ‘केअर’ यादी आली आणि २०२५ मध्ये ती मागेही घेतली गेली. या धावपळीत किती निबंध छापले याचे तक्ते तयार झाले, पण ते कोणी वाचले, कोणाच्या उपयोगी पडले, हे विचारले गेले नाही. आमच्या संग्रहातील प्रत्येक काम सारख्याच तोलाचे आहे असा आमचा दावा नाही. काही अहवाल घाईने केलेले आहेत आणि वाचकाला ते सहज कळेल. तरीही निवड करण्याचा अधिकार आम्ही स्वतःकडे घेतलेला नाही, कारण एखाद्या साध्या अहवालाच्या परिशिष्टातील विहिरींच्या पाण्याचे तक्ते पुढच्या संशोधकाला मूळ निष्कर्षापेक्षा अधिक मोलाचे वाटू शकतात.

निधी कशासाठी लागेल तेही स्पष्ट करतो. जुने प्रबंध साध्या स्कॅनरवर उलटे दाबले तर कणा तुटतो, म्हणून वरून प्रतिमा घेणारे यंत्र हवे आहे. ए-४ आकाराचे एक रंगीत पान ३०० डीपीआयवर (एका इंचात ३०० ठिपके) मूळ स्वरूपात सुमारे २५ एमबी जागा घेते, म्हणजे दोनशे पानांच्या एका प्रबंधाला पाच जीबी लागतात. प्रत्येक फाइलच्या तीन प्रती ठेवायच्या आहेत आणि त्यांपैकी एक पूरक्षेत्राच्या बाहेर, दुसऱ्या जिल्ह्यात ठेवायची आहे, म्हणून साठवणुकीवरचा खर्च मोठा आहे. संग्रहासाठीची संगणक प्रणाली मुक्त स्वरूपाची, विनामूल्य मिळणारी आहे. देणगीचा मोठा वाटा स्कॅनिंग आणि सूचीचे काम करणाऱ्या आमच्याच विद्यार्थ्यांना तासाप्रमाणे मानधन देण्यासाठी वापरला जाईल. खेड्यातून एसटीने येऊन शिकणाऱ्या मुलामुलींना हे काम मिळावे, असा आमचा आग्रह आहे. सूचीत विषय आणि वर्षाबरोबर तालुका आणि गावही नोंदवले जाईल, म्हणजे आजऱ्याच्या घनसाळ भाताविषयी किंवा राधानगरीच्या देवरायांविषयी शोधणाऱ्याला विभागाचे नाव ठाऊक असण्याची गरज राहणार नाही.

लेखनाचे हक्क लेखकाचेच राहतील. कॉपीराइटची मुदत लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे असते, त्यामुळे लेखकांची किंवा त्यांच्या वारसांची लेखी संमती मिळाल्याशिवाय कोणतेही काम खुले केले जाणार नाही. सर्वेक्षणात कुटुंबांची नावे, कर्जे, आजार यांच्या नोंदी असतील तर त्या झाकूनच पाने वाचकांसमोर येतील. ज्यांनी विश्वासाने माहिती दिली त्यांचा मान राखणे हे आमचे कर्तव्य आहे.

आपण येथे शिकला असाल किंवा शिकवले असेल, तर कृपया घरातील माळे, ट्रंका आणि जुनी कपाटे एकदा पाहावीत. विभागात हरवलेली प्रत लेखकाच्या घरी सापडते, असा अनुभव येत आहे. कच्च्या नोंदवह्या, छायाचित्रे, निगेटिव्ह, मुलाखतींच्या कॅसेट, नकाशे हे सारे उपयोगाचे आहे. स्कॅनिंगनंतर मूळ वस्तू परत केली जाईल आणि घेताना-देताना पोच दिली जाईल. मोडी वाचू शकणारे, जुन्या फॉन्टमधील मजकूर युनिकोडमध्ये आणून तपासू शकणारे, वनस्पतींची शास्त्रीय नावे पडताळू शकणारे ज्येष्ठ यांनी आठवड्यातून एखादी दुपार दिली तरी काम पुष्कळ पुढे जाईल.

देणगी रक्कम लहान असो वा मोठी, ती धनादेशाने किंवा बँकेमार्फत संस्थेच्या खात्यावरच द्यावी, व्यक्तीच्या नावावर देऊ नये. प्रत्येक देणगीची छापील पावती मिळेल आणि जमाखर्च दर तीन महिन्यांनी ग्रंथालयाच्या सूचनाफलकावर लावला जाईल. संमतीपत्राचे नमुने आणि खात्याचा तपशील कार्यालयीन वेळेत ग्रंथालयात मिळेल. ज्येष्ठ अध्यापकांना येणे शक्य नसल्यास आमचे विद्यार्थी घरी येऊन प्रती घेऊन जातील. पावसाळा सुरू होण्यापूर्वी तळमजल्यावरील सर्व सामग्री वरच्या मजल्यावर हलवून तिचे स्कॅनिंग सुरू करायचे आहे, म्हणून प्रती आणि देणग्या शक्य तितक्या लवकर पोहोचवाव्यात, ही नम्र विनंती.

आपले,
ग्रंथालय समिती व माजी विद्यार्थी मंडळ,
कोल्हापूर